तात्यांच्या काळजातली नळी

"तात्या, हे बघा. ही तुमची नळी."

पुण्याहून आलेल्या शर्वरीनं चूर्णाचे डबे सरकवून कॉम्प्युटर सोप्यातल्या बाजेवर ठेवला होता. पडद्यावर एक लालसर बोळकांडी दिसत होती आणि तिच्या आत बारीक जाळीचं नळकांडं. मालक चष्मा वर-खाली करत वाकले.

"ही माझ्या काळजातली?"

"हो. मिरजेला तुमची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आतून घेतलेल्या फोटोंवरून बनवली. ही जाळी म्हणजे तुम्हाला बसवलेला स्टेंट."

"लई स्वच्छ हाय की," मालक सोप्यात बसलेल्यांकडं बघत म्हणाले. बसलेल्यांनी माना डोलावल्या. आमच्या सोप्यात माणसं त्यासाठीच येत.

मालक म्हणजे माझे यजमान, केरबा म्हेत्रे. विट्यात आणि आसपासच्या खेड्यांत त्यांना सगळे तात्या म्हणत. साखरेच्या आजारावर ते चूर्ण देत आणि एक पैसा घेत नसत. पैसे घेणाऱ्याला लोक कधीतरी जाब विचारतात, फुकट देणाऱ्याला कुणी विचारत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. जांभळाच्या बिया, मेथी, वाळवलेलं कारलं आणि वर त्यांच्या मनाला येईल ते. कुटायचं मी, वस्त्रगाळ करायचं मी, पुड्या बांधायच्या मी. पुडी द्यायच्या आधी डोळे मिटून तिच्यावर हात ठेवायचं काम त्यांचं. गुण त्या हाताला होता म्हणे.

डॉक्टरांच्या गोळ्या घेणारी माणसं कशी गुलाम होतात, यावर ते शाळेत मुलांपुढं बोलत असतानाच त्यांच्या छातीत कळ आली होती. दवाखान्याच्या, म्हणजे त्या गुलामांच्याच, गाडीतून मिरजेला नेलं आणि जाळी बसवली. तेव्हा रक्तात साखर वाढलेली निघाली. मालक म्हणाले, भीतीनं वाढली असेल. डॉक्टर मगदूम म्हणाले, असं होतं कधीकधी, झटक्यात साखर तात्पुरती चढते. घरी गेल्यावर दर महिन्याला रक्त तपासा आणि रिपोर्ट पाठवत राहा.

ही शर्वरी तिथंच भेटली. ती डॉक्टर नव्हती, इंजिनेर होती. जाळी बसवलेली नळी पुढं उघडी राहील की पुन्हा अरुंद होईल, हे कॉम्प्युटरवर आधीच काढून बघायचं तिचं काम चाललं होतं. मालकांना तिनं विचारलं, तुमची माहिती वापरू का. मालक नाही म्हणणार होते. मग ती म्हणाली की तुमच्या नळीचं चित्र देशभरातले डॉक्टर बघतील. मालकांनी तिथंच सही केली.

"आता पुढचे महिने दाखवते," शर्वरी म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. "जाळी बसवताना नळीला आतून जखम होते. जखम भरायला शरीर नवीन पेशी आणतं. त्या भरल्या तर चांगलंच. पण काहींच्यात त्या थांबतच नाहीत, जाळीवरून चढतात, आत वाढत जातात, आणि वाट परत अरुंद होते. बघा, तुमच्यात कसं होतंय."

जाळीवर गुलाबी साय धरू लागली. सगळे श्वास धरून बघत होते. साय पातळ राहिली आणि थांबली. वाट मोकळी होती.

"संपलं?" एकानं विचारलं.

"संपलं. थांबली. कॉम्प्युटरच्या हिशेबानं तात्यांची नळी उघडी राहणार. साखर असलेल्यांच्यात ही वाढ फार होते. पण तात्यांचे सगळे रिपोर्ट एकदम छान आहेत. या वयात इतकी चांगली साखर मी बघितली नाही."

मालक मागं टेकले. आयुष्यभर ते ज्याची वाट बघत होते ते वाक्य पुण्याच्या एका शिकलेल्या मुलीनं चार माणसांत म्हटलं होतं.

"ऐकलं का रे?" ते म्हणाले. "मी काय सांगतोय इतकी वर्षं?"

मी उखळापाशी बसले होते. मी मुसळ टेकवलं आणि पदर कोपरावर ओढून घेतला.

"अक्का, तुम्ही पण बघा ना," शर्वरी मला म्हणाली.

"तिला काय कळतंय त्यातलं," मालक म्हणाले. "अक्षरं शिकली तीच सून घरात आल्यावर. अजून देवळावरची पाटी बोट लावून वाचती."

सोप्यात हशा झाला. त्यात लॅबवाल्या महावीरचा आवाज सगळ्यांत मोठा होता. महावीर दर महिन्याला सकाळी रक्त न्यायला घरी येई आणि जाताना आईसाठी चूर्णाची पुडी नेई.

शर्वरीनं त्या नळीचं रंगीत चित्र छापून पाठवलं. मालकांनी ते काचेत बसवून घेतलं आणि सोप्यात देवांच्या ओळीत टांगलं. ज्या माणसानं जन्मभर यंत्रांना शिव्या दिल्या, तो आता येणाऱ्या प्रत्येकाला चित्रासमोर उभा करून काठीनं जाळी दाखवू लागला. "पुण्याच्या कॉम्प्युटरनं लिहून दिलंय. ह्यो केरबा म्हेत्रे आतनं तरणा हाय." यंत्रानं त्यांची तारीफ केली, यंत्र शहाणं झालं. अशी माणसं मी खूप बघितली आहेत, पण त्यांतल्या एकाच्या घरी स्वयंपाक करत होते म्हणून जवळून बघायला मिळालं.

दिवाळी झाली आणि मालक वाटेत थांबायला लागले. आधी मारुतीच्या देवळाच्या चढाला. मग बोळाच्या तोंडाशीच. उभे राहायचे आणि कुणी बघितलं की कुणाच्या तरी भिंतीची वीट निरखायचे. डावा जबडा चोळायचे. मी विचारलं तर म्हणायचे, दाढ दुखतीय. त्या बाजूच्या दाढा पडून किती दिवाळ्या झाल्या होत्या.

"मिरजेला जाऊन दाखवून या," मी म्हटलं.

"कशाला?"

"आधी असंच झालं होतं."

"आधी नळी बंद होती. आता उघडी हाय." त्यांनी काठीनं चित्राकडं दाखवलं. "तुझं खरं का त्येचं खरं?"

"त्याला काय माहीत तुमचं?"

"त्येला सगळं म्हायत हाय. आतनं काढलंय चित्र. ग्यास झालाय. ववा दे."

मी ओवा दिला. ओवा चावून ते जरा वेळ बाजेवर पडले आणि मग बाहेर जाऊन एका बाईला सांगू लागले की तिच्या नवऱ्याच्या डॉक्टरला काही कळत नाही.

सुनेला सांगून मी मुलाला फोन करायला लावला. मुलगा पुण्याहून म्हणाला, आई, त्या मॅडमनी सगळं तपासलंय ना, तू कशाला घाबरतेस. मुलगा शिकलेला आहे. शिकलेल्या माणसाला छापलेलं काही दाखवलं की तो माणसाकडं बघायचं सोडून देतो.

संक्रांतीच्या सुमारास शर्वरी परत आली. या वेळी डॉक्टर मगदूम स्वतः तिच्याबरोबर होते. डॉक्टरांच्या कुठल्याशा मोठ्या सभेत तिला तिचं काम मांडायचं होतं आणि त्यासाठी एका बऱ्या झालेल्या माणसाचं बोलणं तिला मोबाइलवर घ्यायचं होतं. मालकांनी फेटा बांधला होता. सोपा भरला होता. महावीर खुर्च्या मांडत फिरत होता, जणू त्याच्याच घरचं लग्न होतं.

"तात्या, काही त्रास?" शर्वरीनं मोबाइल समोर धरून विचारलं.

"काय बी न्हाई."

"चालताना छातीत, हातात, जबड्यात दुखतं का?"

"आजिबात न्हाई. परवा बाजारात्नं चालत आलो."

परवा बाजारातून त्यांना महावीरनं मोटारसायकलवर आणून सोडलं होतं. महावीर तिथंच होता आणि मान डोलावत होता.

डॉक्टर मगदूम जरा कमी बोलणारे होते. ते मालकांकडं बघत म्हणाले, "तात्या, माझं म्हणणं होतं की एकदा तपासून घेऊ. नळीत तार घालून बघायला फार वेळ नाही लागत."

"का? तुमच्या कॉम्प्युटरवर तुमचाच इस्वास न्हाई?" मालक हसले आणि सोपा हसला.

"सर, तोच तर मुद्दा आहे," शर्वरी हळूच डॉक्टरांना म्हणाली. "ज्यांची नळी उघडी राहणार असं येतं, त्यांना विनाकारण पुन्हा तार घालायची नाही. तेवढा त्रास वाचवायचा म्हणून तर हे सगळं केलं. तात्यांना तक्रारही नाही."

"पायऱ्या चढले तेव्हा जरा थांबले ना ते?" डॉक्टर म्हणाले.

"फेटा सावरला मी," मालक म्हणाले. "लिहा डॉक्टर, तपासायची गरज न्हाई म्हणून. आन हितं ह्या लोकांम्होरं सांगा, साखर किती हाय माझी."

डॉक्टरांनी कागद बघितला. "साखर उत्तम आहे," ते म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.

त्यांनी लिहिलं असतं तर मालक पुन्हा मिरजेची वाट धरणार नव्हते. मला त्यांचा स्वभाव माहीत होता. बोळाच्या तोंडाशी कुठली तरी वीट निरखता निरखता ते खाली बसले असते, आणि लोकांनी त्यांना त्या चित्राखाली आणून ठेवलं असतं.

मी उखळापासून उठले.

"डॉक्टर, ते रक्त यांचं नाही," मी म्हटलं. "माझं आहे."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. शर्वरी मोबाइल धरून तशीच उभी होती.

"काय म्हणालात, अक्का?"

"दर महिन्याला जे रक्त तपासायला गेलं ते माझ्या हातातून काढलेलं. यांचं एकदाही नाही. महावीरला विचारा. त्यानंच सुई टोचली आणि बाटलीवर नाव यांचं लिहिलं."

महावीर खुर्चीची पाठ धरून उभा होता. "तात्या म्हणाले, मिरजेत बाटल्या भरून रक्त घेतलंय, अंगात राहिलं नाही," तो पुटपुटला. "म्हणाले, नवरा-बायको एकाच ताटातलं खातात, एका घरातलं रक्त, काय फरक पडतोय. मला वाटलं... तात्यांना साखर असेल कशी?"

"व्हय, कशी असंल," मी म्हटलं. "मोरीत हे लघवीला बसतात तिथं मुंग्यांची रांग लागते. रोज पाणी मारून मी घालवते. यांच्या सोप्यात साखरेवर औषध आणि मोरीत मुंग्यांना जेवण."

कुणी हसलं नाही. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हातातली पुडी हळूच खाली ठेवली.

"येडी झालीया ही," मालक म्हणाले. "हौसा, आत जा."

"जाते. जबडा का चोळताय ते डॉक्टरांना सांगा, मग जाते. बोळाच्या तोंडाशी कुणाच्या भिंतीच्या विटा मोजता तेही सांगा."

मालकांचा हात जबड्यावरच होता. तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

डॉक्टर मगदूमांनी पेन खिशात ठेवलं आणि पिशवीतून बोट टोचायचं यंत्र काढलं. मालक हात मागं ओढत होते. डॉक्टरांनी लहान मुलाचा धरावा तसा मनगटाला धरून तो पुढं घेतला. आकडा आल्यावर डॉक्टरांनी यंत्र झटकलं, पट्टी बदलली आणि दुसरं बोट टोचलं. तोच आकडा. त्यांनी तो मोठ्यानं वाचला नाही. त्यांना कदाचित फेट्याची दया आली असेल. मला आली नाही.

"गाडीत बसा, तात्या," ते म्हणाले. "आत्ताच."

मिरजेला तार घालून बघितलं तर जाळीच्या आत केसाएवढी वाट उरली होती. बायपास करायचं की औषध लावलेला फुगा फुगवून वाट मोकळी करायची, यावर डॉक्टरांचं बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी फुगा केला. मालक वाचले. गुंगी उतरलेली नव्हती तोवर घर जरा शांत वाटलं, म्हणजे दवाखान्यातली ती खोली.

शर्वरी दोन दिवस तिथंच होती. मालकांचं खरं रक्त घेऊन तिनं कॉम्प्युटर पुन्हा चालवला आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून दाखवलं. तीच बोळकांडी, तीच जाळी. या वेळी गुलाबी साय थांबली नाही. जाळीच्या डोळ्यांतून वर आली, दोन्ही बाजूंनी एकमेकींकडं सरकत गेली, आणि मध्ये केसाएवढी वाट उरली. तार घालून जिथं दिसलं होतं, अगदी तिथंच.

"माझं गणित बरोबर होतं, अक्का," ती म्हणाली. ती रडून आल्यासारखी दिसत होती.

"गणिताला कोण नाव ठेवतंय. तू दोनदा घरी आलीस. यांचा शब्द घेतलास, कागद घेतलास. यांच्याबरोबर देवळापर्यंत चालत गेली असतीस तर?"

तिनं कॉम्प्युटर मिटला. मग म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

बरी होती पोरगी. उलट विचारायला तिला भीती वाटली नाही.

"मला वाटलं, नुसतं चित्र काढतेयस. चित्रावरून डॉक्टरसुद्धा माणसाला घरी बसवतात, हे मला कुठं ठाऊक. ज्या दिवशी डॉक्टरांनी पेन काढलं त्या दिवशी बोलले."

"म्हणजे आधी मी जो माणूस बनवला," ती म्हणाली, "त्याची नळी तात्यांची आणि रक्त तुमचं. असा माणूस जगात नाहीच."

"तो बरा आहे ना पण?"

"तो एकदम ठणठणीत आहे," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

घरी आल्यावर मालक आठ-दहा दिवस तोंड दाखवत नव्हते. मला वाटलं, आता तरी उखळ सुटलं. पण एका सकाळी सोप्यातून आवाज आला. चार माणसं येऊन बसली होती. मालक बाजेवर उशीला टेकून बोलत होते, आणि पहिल्यापेक्षा जोरात बोलत होते.

"आता बगा. ह्या कॉम्प्युटरनं काय शिद्ध केलं? माझी नळी घेतली, हौसाचं रक्त घातलं, तर नळी उघडी. माझं रक्त घातलं, तर बंद. नळी तीच. मग हौसाच्या रक्तात असं काय हाय?"

माणसं एकमेकांकडं बघू लागली.

"चूर्ण," मालक म्हणाले. "आमी वाटतो लोकांस्नी, सोता घ्यायचं इसरलो. परोपकारात ऱ्हायलं. पर ती रोज कुटती. रोज चव बगती, रोज नाकातोंडात जातंय तिच्या. या वयात साखर बगा तिची. पुण्याच्या मॅडमनी सोता सांगितलंय."

एकानं मान डोलावली. मग दुसऱ्यानं. मी दारात उभी राहून बघत होते. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस तिथून रिकाम्या हातानं आला नव्हता, आपल्याच फजितीची पुडी बांधून घेऊन आला होता. त्याबद्दल मला थोडा मान वाटला हे खरं आहे. फार वेळ टिकला नाही.

"व्हय का वो, अक्का?" एका म्हाताऱ्यानं मला विचारलं. हा तोच, ज्यानं त्या दिवशी पुडी खाली ठेवली होती. त्याचे पाय सुजलेले होते आणि एका अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. "रोज खाता तुमी ह्ये?"

मालक माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत हुकूम होता, आणि हुकुमाच्या खाली, आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, विनवणी होती. मी हो म्हटलं असतं तर त्यांचं सगळं पूर्ववत झालं असतं. त्या म्हाताऱ्याचा अंगठा मात्र झाला नसता.

"मी जन्मात कधी तोंडात घातलेलं नाही," मी म्हटलं. "कुटताना नाकातोंडाला पदर बांधते. एकदा शेळीपुढं सांडलं होतं, तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. बाबा, तुम्ही आजच्या एस्टीनं मिरजेला जा आणि पाय दाखवा."

म्हातारा उठला. त्याच्या मागून बाकीचेही उठले. जाताना त्यांनी मालकांना नमस्कार केला. आमच्याकडची माणसं फसवणाऱ्याचाही मान ठेवून जातात. मी मुसळ आणून मालकांच्या बाजेला टेकवून ठेवलं.

"कुटायचं असेल तर कुटा," मी म्हटलं. "डॉक्टरांनी जड उचलू नका म्हटलंय तेवढं ध्यानात ठेवा."

ते मुसळ तिथंच राहिलं. पुढं मालक बरीच वर्षं जगले, साखरेच्या गोळ्या खाऊन, मी पाण्याचा तांब्या हातात देऊन उभी राहिले की तोंड वाकडं करत. गोळ्या घेताना सोप्याचं दार लावायला सांगत. मी लावत नसे.

काचेतलं चित्र त्यांनी माणसं उठून गेली त्याच दिवशी काढून शेणकुटांवर फेकलं होतं. शर्वरीचाही फोन आला, की अक्का, ते चुकीचं आहे, फाडून टाका. मी फाडलं म्हणून सांगितलं. ते अजून माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली आहे. मालक गेले त्यालाही आता वर्षं झाली. कधीतरी ट्रंक उघडली की मी ते काढून बघते. वाट मोकळी, साय पातळ, सगळं जिथल्या तिथं. त्या माणसाला नळी ह्यांची आहे, रक्त माझं आहे, आणि तोंड नाही. असा नवरा मला चालला असता.